सूडाला चेहरा लागतो

१८४६ चा हिवाळा. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीतला चौक बर्फाने पांढराशुभ्र झाला आहे. एका बाजूने आयर्लंडमधून आलेल्यांच्या टोळ्या येऊन उभ्या राहतात. त्यांच्या पुढे ‘प्रीस्ट’ व्हॅलन, गळ्यात पाद्र्याची कॉलर आणि हातात क्रूस. समोर स्वतःला भूमिपुत्र म्हणवणाऱ्यांचा जथा आणि त्याचा म्होरक्या बिल कटिंग, धंद्याने खाटीक. शस्त्रे म्हणजे कोयते, कुऱ्हाडी, सुरे, दंडुके. लढाई संपते तेव्हा व्हॅलन रक्ताने माखलेल्या बर्फात पडलेला असतो आणि त्याचा लहानगा मुलगा ॲमस्टरडॅम ते सारे पाहत असतो. सोळा वर्षांनी सुधारगृहातून सुटलेला हा मुलगा नाव लपवून त्याच वस्तीत परततो, बिलच्या टोळीत शिरतो, त्याच्या मर्जीतला होतो आणि संधीची वाट पाहू लागतो.

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’ डिसेंबर २००२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्याची गोष्ट समजून घ्यायला काहीच कष्ट पडले नाहीत. लहानपणी डोळ्यांदेखत बापाचा खून आणि मोठेपणी त्याचा बदला, हे ‘जंजीर’च्या पिढीला पाठ होते. नवखे होते ते आजूबाजूचे शहर. अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते त्यात हा चिखल, ही डुकरे, हे तळघरातले संसार कुठेच बसत नव्हते. लिओनार्डो डिकॅप्रिओचा ॲमस्टरडॅम आपल्या ओळखीच्या रस्त्याने चालत राहतो आणि आपले लक्ष मात्र त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांकडे जाते.

परदेशात पोट भरायला गेलेल्या माणसांच्या टोळ्यांवर चित्रपट आणि मालिका निघू लागल्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यातल्या बऱ्याच सूडावर उभ्या आहेत. का, आणि त्यामुळे इतिहासाचे काय होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: सूडाला चेहरा लागतो. कुणीतरी एक हवा, ज्याला शोधता येईल, ज्याच्या छातीत सुरा खुपसता येईल. स्थलांतरिताच्या वाट्याला आलेल्या अन्यायाला बहुधा असा चेहरा नसतो. तो खोलीच्या भाड्यात असतो, रोजंदारीच्या दरात असतो, कायद्याच्या एखाद्या कलमात असतो. म्हणून दिग्दर्शक त्याला चेहरा देतात, आणि जितका तो चेहरा देखणा तितका मूळ अन्याय नजरेआड जातो. डॅनियल डे-लुईसने उभा केलेला बिल तर इतका जबरदस्त आहे की तो पडद्यावर असेपर्यंत दुसरे काही दिसतच नाही.

स्कॉर्सेसींच्या बाजूने आधी एक गोष्ट सांगायला हवी. या विषयाशी त्यांचे नाते पुस्तकी नाही. ते मॅनहॅटनमधल्या एलिझाबेथ स्ट्रीटवर, इटालियन वस्तीत वाढले. फाइव्ह पॉइंट्सची जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या जुन्या सेंट पॅट्रिक्स चर्चमध्ये ते लहानपणी सेवेला जात, ते आयरिश कॅथलिकांचे. १८४४ मध्ये भूमिपुत्रवाद्यांच्या जमावापासून त्याचे रक्षण करायला आयरिश माणसे उभी ठाकली होती. आपल्या गल्लीखाली आणखी एक जुनी गल्ली गाडलेली आहे, हे त्या मुलाला फार लवकर कळले. १९७० मध्ये त्यांच्या हाती हर्बर्ट ॲसबरी यांचे याच नावाचे पुस्तक पडले. चित्रपट पडद्यावर यायला त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ गेला. न्यूयॉर्कमध्ये ते जुने न्यूयॉर्क उरलेच नव्हते, म्हणून दांते फेरेत्ती यांनी रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत अख्खी वस्ती बांधली. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. ऑस्करची दहा नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही.

गोम आहे ती ॲसबरींच्या पुस्तकात. ॲसबरी पत्रकार होते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी लिहिलेल्या या पुस्तकात जुन्या वर्तमानपत्रांतली कात्रणे, पोलिसांच्या आठवणी आणि गुत्त्यांतल्या दंतकथा एकाच ओघात येतात. फाइव्ह पॉइंट्समधल्या ‘ओल्ड ब्रुअरी’ या जुन्या दारूच्या कारखान्यात पंधरा वर्षे रोज रात्री एक खून पडत असे, असे ते सांगतात. त्या काळात सबंध शहरातही वर्षभरात तितके खून होत नव्हते. ही इमारत १८५२ मध्ये पाडली गेली आणि तिथे मेथडिस्ट महिलांनी मिशन उभारले. ‘डेड रॅबिट्स’ ही चित्रपटातली व्हॅलनची टोळी घ्या. जुलै १८५७ मध्ये फाइव्ह पॉइंट्समध्ये मोठी दंगल झाली, शहरात त्या वेळी महापौरांचे एक आणि राज्याचे एक अशी दोन पोलीस दले एकमेकांशी भांडत होती, आणि त्या गोंधळात वर्तमानपत्रांनी हे नाव गाजवले, इतके नक्की. पण त्या नावाची वेगळी टोळी खरोखर होती का, याविषयी इतिहासकार टायलर ॲनबिंडर यांनी सबळ शंका घेतली आहे.

या ॲनबिंडर यांचे ‘फाइव्ह पॉइंट्स’ हे पुस्तक २००१ मध्ये आले. मला हा चित्रपट आणि हे पुस्तक शेजारी ठेवून पाहावेसे वाटते, कारण पुस्तकातली वस्ती चित्रपटातल्या वस्तीहून जास्त गरीबही आहे आणि जास्त जिवंतही. मुळात ती जागा म्हणजे बुजवलेले तळे. शहराचे जुने गोड्या पाण्याचे तळे घाण झाले म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरून काढले, त्यावर घरे उठली, जमीन खचत राहिली, तळघरांत ओल झिरपत राहिली. ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत होते ते गेले. मागे राहिल्या त्या खोल्या-खोल्यांत वाटून भाड्याने दिलेल्या चाळवजा इमारती. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडले, दहा लाखांच्या आसपास माणसे भूक आणि तापाने गेली आणि त्याहून जास्त देश सोडून निघाली. १८६० च्या शिरगणतीत न्यूयॉर्कच्या सुमारे ८ लाख १३ हजार लोकांपैकी २ लाखांहून अधिक आयर्लंडमध्ये जन्मलेले होते.

त्यात एक ठळक गट होता केरी परगण्यातल्या लॅन्सडाउन यांच्या जमिनीवरच्या कुळांचा. दुष्काळात कुळे पोसण्यापेक्षा त्यांचे जहाजाचे भाडे भरून त्यांना अमेरिकेला धाडणे जमीनदाराला स्वस्त पडले. याच जमीनदाराचा नातू पुढे १८८८ मध्ये व्हाइसरॉय होऊन आपल्याकडे आला. अंगावरच्या फाटक्या कपड्यांनिशी उतरलेली ही कुळे फाइव्ह पॉइंट्समध्ये येऊन पडली. त्यांचे पुढे काय झाले हे आपल्याला समजते ते एका बँकेमुळे. १८५० मध्ये आयरिश लोकांसाठी निघालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या नोंदवह्यांत खातेदाराचे गाव, जहाज, आईबापांची नावे, भावंडे कुठे आहेत, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. ॲनबिंडर यांनी त्या वह्या चाळल्या, तेव्हा दिवसाला जेमतेम डॉलरभर मजुरी मिळवणाऱ्या हमालांनी, कपडे शिवणाऱ्या बायकांनी, दारोदार फिरून विकणाऱ्यांनी काही वर्षांत शंभर डॉलर, कुणी त्याहूनही अधिक गाठीला बांधलेले आढळले. चित्रपटात एकही माणूस पासबुक घेऊन बँकेच्या दारात उभा दिसत नाही. उपाशी राहून पैसे साठवणारी ही चिवट माणसे गुन्हेपटाच्या कामाची नसतील, पण वस्ती त्यांची होती.

मातीनेही तेच सांगितले. १९९१ मध्ये फोली स्क्वेअरजवळ न्यायालयाची नवी इमारत बांधण्यापूर्वी तिथे उत्खनन झाले. विहिरी आणि शौचकूप हीच त्या काळची कचराकुंडी, आणि त्यांतून सुमारे साडेआठ लाख वस्तू निघाल्या: नक्षीच्या कपबश्या, मातीचे चिलमीसारखे पाइप, शिवणकामाचे साहित्य, मुलांची खेळणी. दारूबंदीचा प्रचार करणारे आयरिश धर्मोपदेशक फादर मॅथ्यू यांचे चित्र असलेला चहाचा कपही होता. ज्या वस्तीला सारे जग दारूचा अड्डा म्हणत होते, तिथल्या कुणाच्या तरी फळीवर तो ठेवलेला होता. हा ठेवा वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सहा क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात सांभाळून ठेवला होता. ११ सप्टेंबर २००१ ला तो गेला. प्रदर्शनासाठी बाहेर दिलेल्या अठरा वस्तू तेवढ्या वाचल्या.

आता बिलकडे वळू. हा खाटीक कल्पनेतला नाही. विल्यम पूल नावाचा माणूस होता. खाटीक, मुष्टियोद्धा, परदेशी कॅथलिकांच्या विरोधात उठलेल्या ‘नो नथिंग’ पक्षाचा मतदान केंद्रावरचा दांडगट. चित्रपटातला बिल १८६३ पर्यंत जगतो. खरा पूल १८५५ मध्येच मेला, आणि त्याच्या मरणाची हकिकत मला चित्रपटातल्या शेवटापेक्षा कितीतरी अधिक बोलकी वाटते. त्याचा वैरी जॉन मॉरिसी, टिपरेरीत जन्मलेला आयरिश, तोही मुष्टियोद्धा, तोही निवडणुकीतला दांडगट, फक्त टॅमनी हॉलच्या म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूचा. २४ फेब्रुवारीच्या रात्री ब्रॉडवेवरच्या स्टॅनविक्स हॉल या नव्या बारमध्ये दोघांची बाचाबाची झाली, पोलिसांनी त्यांना वेगळे केले. मध्यरात्रीनंतर मॉरिसीचे साथीदार पुन्हा आले. एकाने पिस्तूल काढले आणि घाईत पहिली गोळी स्वतःच्याच हातात मारून घेतली. दुसरा, ल्यूइस बेकर, याने पूलच्या छातीवर गोळी झाडली. ती गोळी छातीत घेऊन पूल ८ मार्चपर्यंत जगला. अंत्ययात्रेला ब्रॉडवेवर हजारोंची गर्दी लोटली. बेकर जहाजाने कॅनरी बेटांकडे पळाला, तर एका श्रीमंत जहाजमालकाने आपले वेगवान गलबत पाठलागाला दिले आणि त्याला पकडून आणवले. खटला पुन्हा पुन्हा चालला, ज्यूरीचे एकमत काही झाले नाही, बेकर सुटला. आणि मॉरिसी? तो जुगारखान्यांचा मालक झाला, साराटोगातल्या घोड्यांच्या शर्यतींचा जनक झाला आणि १८६६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आला.

या हकिकतीत सूड शोधून सापडत नाही. दोन पक्षांचे दोन पहिलवान, मतपेट्यांवरचा ताबा, आणि जिंकलेल्याला मिळालेली खुर्ची. चित्रपटालाही हे ठाऊक आहे. जिम ब्रॉडबेंटने उभा केलेला टॅमनी हॉलचा पुढारी ट्वीड जेव्हा जेव्हा पडद्यावर येतो, तेव्हा कथा सूडाच्या खोबणीतून निघते आणि तिला धार चढते. ट्वीड स्वतः आयरिश नव्हता. पण बोटीतून उतरणारा प्रत्येक आयरिश म्हणजे एक मत, हे त्याला पुरते उमगले होते. त्या बदल्यात टॅमनी हॉल गरम सूप द्यायचा, कोळसा द्यायचा, महापालिकेत चिकटवून द्यायचा, पोलिसांत भरती करायचा. ही देवघेव ज्यांना फक्त भ्रष्टाचार वाटते त्यांनी विचार करावा की त्या शहरात आयरिश माणसाला दुसरे दार कोणते उघडे होते.

चित्रपटातले एकच दृश्य निवडायचे झाले तर मी सुरुवातीची लढाई निवडणार नाही, बिल मेलेल्या डुकरावर सुरी ठेवून ॲमस्टरडॅमला कुठला घाव जिवावर बेततो ते शिकवतो ते गाजलेले दृश्यही नाही. मी बंदरावरचे दृश्य निवडेन. आयरिश माणसे बोटीवरून उतरतात. धक्क्यावरच टेबले मांडलेली आहेत. एका टेबलावर नागरिकत्वाच्या कागदावर सही, पुढच्यावर सैन्यभरतीच्या कागदावर. अंगात गणवेश चढतो, हातात बंदूक येते आणि तीच माणसे रांगेने दुसऱ्या बोटीवर चढतात. त्याच बोटीतून दोरांनी शवपेट्या खाली उतरवल्या जात आहेत. कॅमेरा हे सगळे मध्ये न तुटता दाखवतो. इथे खलनायक कोण? टेबलामागचा कारकून? सुरा काढून त्याच्या अंगावर जाऊन काय होणार? स्थलांतरिताचे नशीब कसे चालते हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे दृश्य माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यात बिल कुठेच नाही.

इतरांनी काय केले? मूकपटांच्या काळात ग्रिफिथचा ‘द मस्केटियर्स ऑफ पिग ॲली’ १९१२ चा आणि राऊल वॉल्शचा ‘रीजनरेशन’ १९१५ चा. दोघांनी न्यूयॉर्कच्या खऱ्या गरीब वस्तीच्या जवळ जाऊन टोळ्या दाखवल्या आणि दोघांनाही सूडाची फारशी गरज भासली नाही. पुढे स्टुडिओ मोठे झाले, गुंड देखणे झाले आणि वस्ती नेपथ्य होऊन मागे सरकली.

१९७४ चा ‘द गॉडफादर, भाग दोन’ मात्र सविस्तर पाहावा असा. सिसिलीतून एकटा आलेला पोरका व्हीटो १९०१ मध्ये एलिस बेटावर उतरतो. त्याच्या आयुष्यात दोन खून ठळक आहेत. एक डॉन फानुच्चीचा, दुसरा आपल्या आईबापांना मारणाऱ्या सिसिलीतल्या म्हाताऱ्या डॉन चिच्चोचा. दुसरा खून निव्वळ सूड आहे आणि तो आपल्याला जवळजवळ आठवतही नाही. पहिला आठवतो, कारण त्यात हिशेब आहे. फानुच्ची वस्तीतल्या आपल्याच माणसांकडून खंडणी उकळतो. ‘ब्लॅक हँड’च्या नावाने येणारी धमकीची पत्रे त्या काळच्या इटालियन वस्तीत घरोघरची भीती होती. त्यांच्या मागे लागलेला न्यूयॉर्क पोलिसांतला इटालियन अधिकारी जोसेफ पेट्रोसिनो मार्च १९०९ मध्ये पालेर्मोत मारला गेला. व्हीटोने फानुच्चीला मारल्यावर काय बदलते, हे दिग्दर्शक कोपोला एका छोट्या प्रसंगात दाखवतात. एका विधवेला घरमालक खोली सोडायला सांगतो, तिच्या कुत्र्याचे निमित्त. व्हीटो रस्त्यात घरमालकाला गाठून अदबीने विनंती करतो, वरचे पैसेही देतो; मालक त्याला झिडकारतो. मग तो चौकशी करतो की हा माणूस कोण, आणि परत येतो तेव्हा घामाघूम झालेला असतो. पैसे परत, भाडे आणखी कमी, कुत्राही राहू दे. टोळी का रुजते याचे उत्तर त्या भाड्यात आहे. जिथे न्यायालय भाडेकरूचे ऐकत नाही, तिथे लोक व्हीटोकडे जातात.

सर्जिओ लिओने यांनी ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’मध्ये १९८४ साली या सगळ्याच्या पुढचे पाऊल टाकले. लोअर ईस्ट साइडवरची ज्यू पोरे, दारूबंदीच्या काळातली त्यांची टोळी आणि दोन जिवलग, नूडल्स आणि मॅक्स. पस्तीस वर्षांनी नूडल्सला कळते की मॅक्स मेला नव्हता. त्याने मित्रांचा घात केला, टोळीचा पैसा लाटला, नूडल्सची प्रेयसीही मिळवली आणि तो नवे नाव घेऊन मंत्री झाला. आता गोत्यात सापडलेला तो स्वतःच नूडल्सपुढे पिस्तूल ठेवतो आणि म्हणतो, मला मार, तुझा हिशेब पुरा कर. सूडकथेत नायकाला याहून सोपी संधी मिळत नाही. रॉबर्ट डी नीरोचा म्हातारा नूडल्स ते नाकारतो. तो समोरच्याला त्याच्या खोट्या नावाने हाक मारत राहतो, आपला मित्र फार पूर्वी गेला हे धरून बसतो आणि निघून जातो. या संबंध प्रकारातला सूडावरचा हा सर्वांत खोल प्रसंग आहे, असे मला वाटते. अमेरिकन वितरकांनी २२९ मिनिटांचा हा चित्रपट १३९ मिनिटांवर आणला आणि मागे-पुढे जाणारा काळ सरळ रेषेत मांडला. तिथल्या प्रेक्षकाला मूळ कृती कळायला त्यामुळे बराच काळ जावा लागला.

‘पीकी ब्लाइंडर्स’ (२०१३ ते २०२२) गाजली खूप. पण तिच्यावर रेंगाळावे असे फार नाही. बर्मिंगहॅममधल्या खऱ्या पीकी ब्लाइंडर्सचा जोर १८९० च्या दशकातला. मालिकेने त्यांना पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात आणून बसवले. शर्यतींच्या मैदानावर राज्य करणारा बिली किंबर मालिकेत पहिल्याच पर्वात मरतो, खरा किंबर १९४५ पर्यंत जगला. काळ पुढे-मागे करण्याला माझा विरोध नाही. अडचण अशी की तिथे प्रत्येक सूड पुढच्या पर्वाची सोय म्हणून येतो आणि कारखान्यातून काढलेला मजूर मागे धूसर होत जातो. नावापासून स्कॉर्सेसींशी नाते सांगणारा अनुराग कश्यप यांचा ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ (२०१२) याबाबतीत जास्त सावध आहे. सरदार खानचा बदला तीन पिढ्या चालतो, पण खाणीचे कंत्राट, कामगार संघटना, भंगार, वाळू आणि मासळीचा लिलाव यांतून पैसा कसा फिरतो हे चित्रपट एकदाही विसरत नाही.

आणि मग ‘वॉरियर’. ब्रूस ली यांच्या टिपणांवर बेतलेली, २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका १८७० च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या चायनाटाउनची आहे. वरवर पाहिले तर हाणामारी आणि चिनी टोळ्यांची आपसातली वैरे. तिचे खरे बळ दुसऱ्या बाजूला आहे. चिन्यांना हुसकावून लावायला निघालेले मालिकेतले मजूर आयरिश आहेत. त्यांचा पुढारी लिअरी काळाकुट्ट खलनायक म्हणून येत नाही. त्याची माणसे बेकार आहेत, मालक निम्म्या मजुरीवर चिनी माणूस ठेवतो आणि मालकापर्यंत लिअरीचा हात पोहोचत नाही. इतिहासात असा माणूस होता. डेनिस कर्नी, कॉर्क परगण्यात जन्मलेला, १८७७ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात वर्किंगमेन्स पार्टी उभी केली आणि चिनी गेलेच पाहिजेत ही तिची घोषणा झाली. त्याच वर्षीच्या जुलैत रेल्वे संपकऱ्यांच्या पाठिंब्यासाठी भरलेली सभा हां हां म्हणता चिनी वस्तीवरच्या हल्ल्यात बदलली. राग रेल्वे कंपन्यांवरचा, जळाल्या चिनी लाँड्र्या. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाचे दार बंद करणारा कायदा आला आणि १९४३ पर्यंत टिकला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये ज्यांना घाण, दारुडे, परके म्हटले जात होते, त्यांच्यापैकीच एकजण सॅन फ्रान्सिस्कोत भूमिपुत्र होऊन उभा होता.

इथे मला पुन्हा न्यूयॉर्कला, जुलै १८६३ कडे यावे लागते. यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती जाहीर झाली. कायद्यात एक पळवाट होती: ३०० डॉलर भरा आणि घरी बसा. ३०० डॉलर म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. ११ जुलैला सोडतीची नावे निघू लागली, १३ तारखेला जमावाने भरतीचे कार्यालय पेटवले आणि पुढचे तीन दिवस शहर कुणाच्याच हाती राहिले नाही. चित्रपटातली सर्वांत धाडसी कल्पना इथे आहे. ॲमस्टरडॅम आणि बिल शेवटच्या लढाईसाठी चौकात समोरासमोर येतात आणि नेमका तेव्हाच तोफगोळा पडतो, धूर दाटतो, सैन्य येते. सतरा वर्षे जपलेले वैर शहराच्या संकटापुढे क्षुल्लक ठरते. कल्पना म्हणून ही मोठी आहे. पण युद्धनौकांनी फाइव्ह पॉइंट्सवर तोफा डागल्या नव्हत्या आणि त्या दिवसांत ही वस्ती इतर भागांच्या मानाने शांतच होती. आग दुसरीकडे लागली होती.

जमावाला ३०० डॉलरच्या कलमाचा राग होता. कलमाला चेहरा नसतो. मग त्याने चेहरा शोधला. पाचव्या ॲव्हेन्यूवर त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस क्रमांकाच्या रस्त्यांमध्ये काळ्या मुलांचे अनाथालय होते. पहिल्याच दिवशी दुपारी जमावाने ते लुटले आणि जाळले. आतली २३३ मुले मागच्या बाजूने बाहेर काढली गेली. गर्दीतल्या एका आयरिश माणसाने या पोरांना मदत करा असे ओरडून सांगितले आणि जमाव त्याच्यावरच तुटून पडला, अशी त्या काळची नोंद आहे. त्या दिवसांत शंभरावर माणसे मेली. त्यांतल्या अकरा काळ्या पुरुषांना जमावाने हाल करून मारले, कुणाला रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला लटकावले. दंगल मोडायला गेलेला कर्नल हेन्री ओब्रायन आयरिशच होता; त्यालाही जमावाने तासन् तास छळून ठार केले. १८६० मध्ये शहरात १२ हजारांहून अधिक काळे लोक होते, १८६५ मध्ये ते १० हजारांच्याही खाली आले. आणि ते ३०० डॉलर? ट्वीड आणि मंडळींनी पुढे सार्वजनिक पैशातून गरिबांसाठी बदली सैनिक मिळवून देण्याची सोय केली. ज्या कलमावरून शहर पेटले ते असे कागदोपत्री मिटवता येत होते.

स्कॉर्सेसींच्या चित्रपटात काळ्यांवरचे हल्ले आहेत, पण झटपट सरकणाऱ्या तुकड्यांत. ॲमस्टरडॅमच्या टोळीत एक काळा मित्र आहे, त्याच्यावर संवाद फार नाहीत. फाइव्ह पॉइंट्सचा मात्र मोठा भाग एकेकाळी काळ्या माणसांचा होता. १८२७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी संपली तेव्हापासून मोकळी झालेली कुटुंबे तिथे राहत होती. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स या वस्तीत आले ते पीट विल्यम्स या काळ्या मालकाच्या नाचघरात. तिथे त्यांनी पाहिलेला तरुण नर्तक म्हणजे पुढे ‘मास्टर जुबा’ म्हणून गाजलेला विल्यम हेन्री लेन, असे मानले जाते. आयरिश पायांचा ठेका आणि आफ्रिकी पायांचा ठेका त्या तळघरांत एकमेकांत मिसळला आणि त्यातून टॅप नृत्य वाढले. एकमेकांच्या जिवावर उठण्याआधी ही माणसे एकत्र नाचत होती, काही एकमेकांशी लग्नेही करत होती. सूडाच्या कथेत त्यांना जागा मिळाली नाही, कारण बाप मेलेल्या नायकाचा हिशेब त्यांच्याशी नव्हता.

मराठी वाचकाला हा भाग सोडून पुढे जाता येऊ नये, असे मला फार वाटते. या दंगलीनंतर दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. पुण्यात बसून जोतीरावांनी अमेरिकेतल्या त्या यादवी युद्धाचा अर्थ जितका नेमका ओळखला, तितका त्या युद्धावर दहा कोटी डॉलरचा चित्रपट उभारणाऱ्यांना ओळखता आला नाही.

सामग्री तर हाताशी आहे. दंगलीनंतर महिन्याभरातच न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांच्या एका समितीने पीडित काळ्या कुटुंबांना मदत वाटली आणि त्यांच्या जबान्या छापल्या: कुणाचे सामान गेले, कुणाचा नवरा गेला, कोण छपरावरून शेजारच्या घरात उतरून वाचले. त्यात सूड घेणारा नायक नाही. पण मार्च १८६४ मध्ये, म्हणजे दंगलीला आठ महिनेही झाले नव्हते तेव्हा, काळ्या सैनिकांची विसावी पलटण निळ्या गणवेशात, खांद्यावर बंदुका घेऊन न्यूयॉर्कच्या त्याच रस्त्यांवरून युनियन स्क्वेअरपर्यंत संचलन करीत गेली आणि दुतर्फा उभ्या गर्दीने तिचा जयजयकार केला. वर घेतलेल्या एकाही चित्रपटात ते दृश्य नाही.